मासिकात जाणारं लग्न

अट एकच होती, आणि ती ऐकताना रविकिरणला वाटलं, यात काय विशेष.

“अंक बाजारात येईपर्यंत लग्नाचा फोटो कुठं दिसला नाही पाहिजे,” आरती मॅडम म्हणाल्या. “स्टेटसला नाही, ग्रुपवर नाही, फ्लेक्सवर नाही. एक जरी बाहेर गेला तर तुमचं लग्न बाद.”

“न्हाई जाणार मॅडम. माझी जबाबदारी.”

आता आपल्याकडच्या लग्नाला दीड हजार माणूस येतं. दीड हजार माणसाच्या खिशात दीड हजार फोन. लातूरच्या क्लासमध्ये पोरांचे टेस्ट पेपर सेट करणाऱ्या माणसाला एवढं साधं गणित सुचायला पाहिजे होतं. नाही सुचलं. निगेटिव्ह मार्किंग असतं तर रवी तिथंच, नांदेडच्या त्या ऑफिसात, खुर्चीवर बसल्याबसल्या नापास झाला असता.

‘मांडवशोभा’ मासिकाचं ऑफिस म्हणजे साडीच्या दुकानावरची एक खोली. दरवर्षी त्यांचा लग्न विशेषांक निघतो आणि नांदेड-लातूरच्या प्रत्येक ब्युटी पार्लरमध्ये तो पुढचं वर्षभर पडलेला असतो. केसाला मेंदी लावून बसलेली बाई दुसरं काय वाचणार. त्या अंकात बारा लग्नं छापतात. मॅडमच्या टेबलावर त्या दिवशी दोनशे चाळीस आली होती. रवीनं मनात भाग दिला. विसात एक. मेडिकलपेक्षा सोपंय.

पण मॅडमची तपासायची पद्धत बघून तो भागाकार विसरला. त्या अल्बम मधूनच उघडायच्या, तीन सेकंद बघायच्या, आणि डाव्या ढिगावर टाकायच्या.

“ड्रोन,” त्या म्हणाल्या. टप्प. “धूर.” टप्प. “नवरदेव बुलेटवर.” टप्प. “नवरदेव बुलेटवर, धुरातून.” टप्प.

“पूर्ण बघत न्हाई मॅडम तुम्ही?”

“बघितलंय की. दोनशे वेळा बघितलंय.” त्यांनी तीन अल्बम उघडून त्याच्यापुढं सरकवले. “हे सिंहासन बघा. डावीकडच्या सिंहाचं नाक तुटलंय. आता ह्यात बघा. आता ह्यात. देगलूरपासून किनवटपर्यंत एकच सिंहासन फिरून राहिलंय. फेटे भाड्याचे, घोडा भाड्याचा, नवरीचा हार भाड्याचा. म्हणून मी एकच बघते. ह्या लग्नात भाड्यानं न आणलेलं काय आहे? असलं तर उजवीकडं ठेवते.”

उजवीकडं चार अल्बम होते.

रवीनं फोन काढला आणि एक फोटो दाखवला. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्यावर अर्धवट झालेलं आरीचं भरतकाम. मॅडम बघत राहिल्या. रवीनं मोजलं, अकरा सेकंद.

“कुणी केलं?”

“आमच्या अक्कानं. लग्नात घालायच्या ब्लाऊजची पाठ हाय. सात महिने झाले करून राहिलीय.”

अक्का म्हणजे सुकन्या, रवीची थोरली बहीण. लातूरच्या घरात मागच्या खोलीत बसून ती लोकांच्या ब्लाऊजवर मोर भरायची, कलश भरायची, डोलीत बसलेली नवरी भरायची. गिऱ्हाईक सांगेल ते. पार्लरवाली ते काम स्वतःच्या नावानं द्यायची, आणि बाया पार्लरवालीचं कौतुक करायच्या. अक्का कधी काही बोलली नाही. एकदाच सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली होती, “रव्या, एकदा माझं नाव छापून आलं पायजे.” बस. आणि आता ती लग्न होऊन नांदेडला जाणार. नव्या गावात तिला कोण ओळखतंय. सासरची माणसं वाईट नव्हती, पण बघायला आली तेव्हा सासूबाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, “छंद लई चांगला हाय पोरीला.” छंद! त्या शब्दावर अक्काचा चेहरा कसा झाला होता ते एकट्या रवीनं बघितलं होतं.

स्वतःच्या ब्लाऊजवर तिनं मोर नव्हता भरला. चाकूरजवळच्या त्यांच्या शेतातली करडई भरली होती, केशरी फुलांसकट, काट्यांसकट. मधून रस्ता. रस्त्यावर वडिलांची, अप्पांची जुनी लूना, त्यावर अप्पा, आणि मागं बसलेली एक पोरगी. ते रवीशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. अप्पांना तर नाहीच. अप्पा पोस्टातून रिटायर झाले तरी त्यांनी लूना विकली नव्हती, आणि त्यावरून गल्लीत इतकी चेष्टा व्हायची की त्यांच्यासमोर लूनाचं नाव काढायची सोय नव्हती.

रवी घरी आला आणि म्हणाला, “अक्का, जमलं.” अटीचं बोलला नाही. नवरीला कशाला टेन्शन.

सगळं रामायण इथून सुरू झालं.

शेजारचे हणमंतराव काका. महसुलातून रिटायर. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय ते शिजायच्या आधी त्यांना कळतं. दोन दिवसांत त्यांनी रवीच्या तोंडून सगळं काढून घेतलं आणि म्हणाले, “सोप्पंय. पत्रिकेवर छापून टाक, फोटो काढू नये म्हणून.”

“पत्रिका छापून आल्या की काका.”

“मग शिक्का मार. शिक्क्याला माणूस भितंय.”

रवीनं रबरी शिक्का करून घेतला. सहाशे पत्रिकांवर एकेक करून मारला. ‘कृपया फोटो काढू नयेत.’ जागा कुठं होती, तर ‘कृपया आहेर आणू नये’ याच्या बरोब्बर खाली. चूक इथंच झाली. वरची ओळ आजपर्यंत कुणी खरी धरली आहे? त्या ओळीचा अर्थ, माणसं साधी हायत, तुमी आणा. खालच्या ओळीचा अर्थही लोकांनी तोच लावला. उदगीरहून मडिवाळप्पा मामांचा फोन आला. “फोटो काढू नये म्हणलाव, म्हणजे भारी फोटोवाला बोलावलाव वाटतंय. मी नवा सफारी शिवतोय गा.”

मग फ्लेक्स. कॉलनीच्या कोपऱ्यावर मित्रमंडळानं प्रेमापोटी पंधरा फुटी फ्लेक्स लावला. त्यावर बावीस शुभेच्छुकांचे चेहरे, बावीसही जण फोन कानाला लावून कुणाशी तरी महत्त्वाचं बोलतायत, आणि खाली कोपऱ्यात अक्का आणि होणारे दाजी सुदर्शन यांचा साखरपुड्याचा फोटो. रवीनं मॅडमला फोन लावला.

“नवरीचा चेहरा आहे?”

“हाय, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा.”

“काढा.”

मित्रमंडळ म्हणालं, परवाना काढून लावलाय, आता काढायचा तर ऑफिसातून कागद आण. रवी ऑफिसात गेला. कोणतं ऑफिस ते सांगत नाही, मला त्याच गावात राहायचंय. खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, “लावायचा अर्ज हाय. काढायचा अर्ज न्हाई.”

“मग निघतो कसा?”

“मुदत संपली की आपोआप.”

“आपोआप म्हणजे?”

माणसानं जरा विचार केला. “म्हणजे आजपर्यंत तर कुठला निघाला न्हाई.”

शेवटी रवीनं शिडी लावली आणि अक्काच्या चेहऱ्यावर पेपरचा तुकडा चिकटवला. काम झालं. उतरून दोन पावलं मागं जाऊन त्यानं समाधानानं बघितलं. बावीस शुभेच्छुक, हसणारा नवरदेव, आणि शेजारी तोंडाला कागद लावलेली नवरी.

संध्याकाळपर्यंत गल्लीत चार बायांनी आईला विचारलं, “लगीन हाय न्हवं?” आईनं हसण्यावारी नेलं. पण बातमीला लातूरहून नांदेडला जायला एसटी लागत नाही.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि रवीची झोप उडाली. शिक्का गेला वाया. दीड हजार फोन कसे थांबवायचे? क्लासमध्ये टेस्टचे पेपर वाटता वाटता त्याची नजर दारातल्या टेबलावर गेली, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथं संगप्पा बसला होता. नऊ वर्षं क्लासच्या दारात. टेस्टच्या दिवशी प्रत्येक पोराचा फोन जमा करून घेतो आणि पितळी टोकन देतो. नऊ वर्षांत एक फोन आत गेलेला नाही.

“संगप्पा मामा, आमच्या लग्नात येता का? टेस्टच्या दिवशी करता तसंच करायचं.”

“तसंच?”

“अगदी तसंच.”

हे ‘अगदी तसंच’ रवी जन्मात विसरणार नाही.

लग्न लातूर-नांदेड रस्त्यावर, चाकूरच्या पुढं एका लॉनवर होतं. एप्रिलचं ऊन. मुहूर्त बारा पस्तीस. अकरापर्यंत सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की रवीला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. लेकीकडची माणसं कुरकुरत का होईना, फोन देत होती; घरची म्हणून संगप्पा तेवढ्यावर सोडत होता. आचाऱ्याकडून आणलेल्या मोठ्या पराती भरत चालल्या. सहाशे फोन. संगप्पा इस्त्रीच्या गणवेशात, कपाळाला भस्म, एकेकाला टोकन देऊन राहिलेला. हणमंतराव काका त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि फोन देणाऱ्या प्रत्येकाला “नियम म्हणजे नियम” म्हणत होते. स्वतःचा फोन त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता.

बारा वाजून पाच मिनिटांनी नांदेडचं वऱ्हाड दारात आलं. पुढं सुदर्शनची थोरली आत्या. अंगावर ठेवणीतलं सगळं सोनं.

सांगायला लाज वाटते, पण जे झालं ते झालं. संगप्पानं टेस्टच्या दिवशी, मेडिकलच्या परीक्षेचे नियम लावून करतो तसंच केलं. अगदी तसंच.

“फोन इथं. कानातलं काढा. नथ पण.”

“काय?” आत्याबाई म्हणाल्या.

“धातू चालत न्हाई आत. बांगड्या काढा. लांब बाह्याचं पण चालत न्हाई, पण जाऊ द्या आज. पाण्याची बाटली पारदर्शक हाय का?” आणि मग, मोठ्या मनानं, “मंगळसूत्राला सूट हाय.”

ताशेवाला थांबला. घोडा थांबला. घोड्यावर सुदर्शन थांबला.

“दागिने उतरवून घिऊन राहिले गं बाई दारात!” आत्याबाईंचा आवाज थेट हायवेपर्यंत गेला. “ह्ये लगीन हाय का जेल?”

रवी धावत आला. “आत्या, चुकलं, त्यांना कळलं न्हाई, फक्त फोन…”

“फोन तरी का?” आत्याबाई आता वऱ्हाडाकडं वळल्या. “आता माज्या ध्यानात आलं. पत्रिकेवर शिक्का, फोटो काढू नका. लातूरच्या चौकात फ्लेक्स, पोरीच्या तोंडाला कागद. माज्या जावेच्या भावानं सोताच्या डोळ्यानं बगितलाय. आन् आता दारात फोन काढून घ्यायलेत. फोटोला एवढं का भिऊन राहिले ह्ये? पोरीचं आधी एक लगीन झालेलं असंल! फोटो गेला की तिकडचा माणूस दत्त म्हणून उभा ऱ्हाईल!”

वऱ्हाडात एकदम शांतता झाली. वाईट शांतता. पेपर फुटल्यावर वर्गात होते तशी.

अप्पा हात जोडून पुढं आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. फोन जमा करायचं कारण रवीनं त्यांना ‘आजकाल असंच असतंय’ एवढंच सांगितलं होतं. पोस्टात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, मुकाट सही करायची सवय. सुदर्शनचे वडील त्यांना म्हणाले, “बिराजदार साहेब, तुमची इज्जत ती आमची. पण खुलासा करा.”

अप्पांनी रवीकडं बघितलं. रवीनं एका दमात सगळं सांगितलं. मासिक, मॅडम, अट, बारा जागा.

“मासिक?” सुदर्शनचे वडील म्हणाले. “आमाला काय माहीत न्हाई मासिक-फिसिक. लपवायचं काही नसंल तर फोन परत द्या. सगळ्यांनी फोटो काढावं, आत्ताच्या आत्ता स्टेटसला टाकावं, जगानं बघावं. मग आमी आत येताव. तोपर्यंत न्हाई.”

बारा अठरा.

रवी स्टेजच्या मागं पळाला. स्टेजच्या मागं कूलरजवळ अक्का प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, नटून, हातात अर्धा ग्लास पाणी. मंडपाच्या फाटक्या कापडातून उन्हाचा एक पट्टा तिच्या पाठीवर पडला होता. करडई पेटल्यासारखी दिसत होती. तिच्या मागं, कूलरच्या वाऱ्याला, शेताशेजारच्या लक्ष्मीबाई मांडी घालून बसल्या होत्या. रवीला आजूबाजूला कोण आहे ते काही दिसत नव्हतं. तो अक्काच्या समोर उकिडवा बसला आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज निघाला.

“बोल की,” अक्का म्हणाली.

त्यानं सांगितलं. अटीपासून नथीपर्यंत.

बाहेर कुणीतरी ओरडत होतं.

“मला विचारलं का न्हाईस?”

“तुला टेन्शन नको म्हणून.”

“मग आता कुणाला हाय टेन्शन?” तिनं ग्लास खाली ठेवला. “बाहेर अप्पा हात जोडून उभे हायत का?”

रवीनं मान हलवली.

“आठ महिने मी मान खाली घालून बसले, चौकटीवर. आज त्यांनी का घालावी? जा. माईकवर सांग, काढा म्हणावं फोटो.”

“अक्का, मग मासिक…”

“गेलं खड्ड्यात मासिक.” एवढंच म्हणाली. पण म्हणताना तिचा हात मागं गेला, आणि पाठीवरच्या एका फुलाला लागून परत आला.

बारा चोवीस. माईकवर निवेदक आलेल्या पुढाऱ्यांची नावं घेत होता. रवीनं माईक हिसकावला. “सर्व पाहुण्यांना नम्र विनंती,” तो म्हणाला, “आपापले फोन घ्या. फोटो काढा. आणि लगेच स्टेटसला टाका.”

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. मग सहाशे माणूस एकदम उठलं.

संगप्पा शेवटपर्यंत इमानदार. “रांगेत या! टोकन दाखवा!” टोकनं कुठं होती? बायांनी पदराच्या टोकाला बांधली होती, ती गाठ सुटेना. दोघांनी पाकिटात ठेवलेली, पाकीट बायकोकडं, बायको स्वयंपाकाकडं. तिघांनी ती वधूवरांवर ओवाळून टाकायची म्हणून ताटात ठेवली होती. मग कुणीतरी शहाण्यानं सुचवलं, स्वतःच्या नंबरवर रिंग द्या, वाजेल तो तुमचा. झालं. ज्याच्या हाताला जो फोन लागला त्यावरून तो स्वतःला फोन लावायला लागला. सहा पराती एकदम वाजायला लागल्या. आरत्या, भजनं, कोंबड्याचं आरवणं, एक सायरन. मडिवाळप्पा मामांनी नव्या सफारीत, दोन्ही हात परातीत घालून, जो वाजेल तो वर धरायचा. “कुणाचा गा ह्यो? ‘घरचे’ म्हणून फोन येलाय!”

बारा तेहतीस. आत्याबाईंच्या हातात फोन आला. मडिवाळप्पा मामांनी दारापर्यंत आणलेल्या अक्काचा त्यांनी एक फोटो काढला, स्टेटसला टाकला, तो गेल्याची खात्री केली, आणि म्हणाल्या, “चला आत.”

लग्न लावणारे स्वामी मंगलाष्टकं म्हणत होते आणि मध्येच परातीतून कोंबडा आरवत होता. अक्षता पडल्या. लग्न लागलं. रवी एका खांबाला टेकून उभा होता. सगळीकडं हात वर, हातात फोन. तो नुसता बघत राहिला. महिनाभर जपलेलं सगळं पाच सेकंदांत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नुकसान मोजायला बसला. सवय. टेस्ट झाली की किती चुकलं ते मोजायचं. चारशे बारा स्टेटस बघितले. साठाव्याला त्याला काहीतरी वेगळं वाटायला लागलं. दोनशेव्याला तो सरळ होऊन बसला.

एकाही फोटोत ब्लाऊज नव्हता.

लोकांनी स्वतःचे फोटो काढले होते. मावशी आणि मागं अंधुक नवरी. साडू आणि साडूचे दोन मित्र आणि नवरीचा अर्धा कान. जिलेबी. पुढाऱ्याबरोबर काका. जिलेबी, जवळून. आणि जिथं नवरी दिसत होती तिथं तिच्या मागं मडिवाळप्पा मामा. मामानं भाचीच्या मागं उभं राहायचं असतं, आणि मामा परातीवरून येऊन जे उभे राहिले ते जेवायलाही हलले नाहीत. आत्याबाईंच्या फोटोतसुद्धा अक्काच्या मागं सफारी, करड्या रंगाचा.

रवीनं मॅडमना फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. पलीकडं मॅडम हसत होत्या का खोकत होत्या, कळलं नाही.

“माझ्या मावसबहिणीच्या स्टेटसला पण आहे तुमचं लग्न,” त्या म्हणाल्या. “जिलेबीचा फोटो आहे. त्याला काय लग्न बाहेर आलं म्हणायचं? मला तो ब्लाऊज पाहिजे होता. तो कुठं दिसलाय?”

“कुठंच न्हाई मॅडम!”

“मग पाठवा. उद्या पाचला पानं छपाईला चाललीत.”

रवीनं आनंदानं फोटोवाल्याला गाठलं. फोटोवाल्यानं एकोणीसशे फोटो काढले होते. रवीनं एकोणीसशे बघितले. त्यातल्या अकराशेत सफारी होता.

त्यानं मॅडमना परत विचारलं, अक्काला तोच ब्लाऊज परत घालायला लावून काढला तर? “नको,” त्या म्हणाल्या. “तो दुकानातल्या बाहुलीचा फोटो झाला. लग्नातला पाहिजे.”

मग त्यानं पाहुण्यांना फोन लावायला सुरुवात केली. नवरीच्या पाठीचा फोटो आहे का तुमच्याकडं? दहाव्या फोनला एका काकूंनी विचारलं, “तुला रे कशाला पायजे बहिणीच्या पाठीचा फोटो?” त्यापुढं त्यानं फोन लावले नाहीत. माणसाला थोडी तरी इज्जत पाहिजे.

पानं जायच्या दिवशी दुपारी आई भांडी मोजता मोजता म्हणाली, “लक्ष्मीबाईनं कुठं दिला व्हता फोन? तिच्याकडं फोन असंल असं त्या संगप्पाला वाटलंच न्हाई. पानाच्या चंचीत व्हता तिच्या.”

कूलर. प्लास्टिकची खुर्ची. मागं मांडी घालून बसलेली बाई.

तो उठलाच. लक्ष्मीबाईंचा फोन लागत नव्हता, त्या वस्तीवर रेंज नाही. रवीची मोटरसायकल पाहुणे घेऊन गेले होते. उरली लूना. अप्पांनी किल्ली पुढं केली. लातूर ते चाकूर पस्तीस किलोमीटर, डोक्यावर ऊन, पाठीमागून येणारा प्रत्येक ट्रक हॉर्न वाजवून जातोय, आणि लूना आपल्या चालीनं. दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा साडेतीन वाजले होते. रवी पायडल मारत मारत म्हणाला, “चल की गं माये.” चालली.

लक्ष्मीबाई लिंबाखाली वाकळ शिवत बसल्या होत्या. अक्काला जन्मातला पहिला टाका त्यांनीच शिकवलेला, सहा वर्षांची असताना, याच झाडाखाली.

“मावशी, अक्काचा फोटो काढला का तुमी?”

“काढला की. नातवानं बटन दाखवलंय.” त्यांनी चंचीतून फोन काढला. “बाया समोरून बगतात. शिवणाऱ्यानं पाठ बगावं. टाके बगायला काढला बाबा, घरी येऊन निवांत. एक टाका हुकला न्हाई पोरीचा.”

“कुठं टाकला न्हाई ना? स्टेटसला?”

“कुठं टाकू? आडात?”

फोटोत उन्हाचा पट्टा होता. करडई होती. रस्ता, लूना, लूनावरचा माणूस, मागची पोरगी, टाका न् टाका. आणि अक्काच्या खांद्यावरून पलीकडं, उकिडवा बसलेला रवी. फेटा एका कानावर, तोंड उघडं, सगळा चेहरा ओला.

वस्तीवर रेंज नव्हती, म्हणून त्यानं फोटो आपल्या फोनमध्ये घेतला आणि पळत बांधावर गेला. नाही. विहिरीच्या कठड्यावर चढला. एक कांडी. फोन डोक्यावर धरून उभा राहिला. चार एक्कावन्न. चार चोपन्न. गोल फिरतोय, फिरतोय. चार सत्तावन्नला फोटो गेला. दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं काही नाही. रवी कठड्यावर तसाच, हात वर. गुराख्यानं लांबून विचारलं, काय झालं. त्यानं मानेनंच सांगितलं, काही नाही.

पाच वाजून एक मिनिट. ‘घेतला.’

मग लगेच दुसरा. ‘ह्यात तुम्ही रडताय का?’

‘घाम हाय मॅडम,’ रवीनं लिहिलं.

अंक पंधरा दिवसांनी आला. पूर्ण पान. खाली एकच ओळ : आरीकाम, सुकन्या रामलिंग बिराजदार. नांदेडहून अक्काचा फोन आला. नाक ओढायचा आवाज तेवढा येत होता. मागून आत्याबाई कुणाला तरी सांगत होत्या, “आमचीच सून हाय. मला पैल्या दिवसापास्नं माहीत व्हतं.”

इकडं लातूरला घरात माणसं जमली. अंक हातोहात फिरला. हणमंतराव काका म्हणाले, नियम पाळला म्हणून झालं. मडिवाळप्पा मामांनी पान उलटून बघितलं, परत सुलटं केलं. “मी कुठाय गा ह्यात? एवढा सफारी शिवला.” एक काकू म्हणाल्या, बाई, नवरीचं तोंडच छापलं नाही. क्लासमधल्या पोरांनी तर रवीचा चेहरा तेवढा कापून मोठा करून नोटीस बोर्डावर लावला होता, खाली लिहून, ‘कटऑफ लागल्यावर’. संगप्पानं तो उतरवला नाही. म्हणाला, काढायचा नियम न्हाई.

अप्पांच्या हातात अंक सगळ्यात शेवटी आला. त्यांनी ब्लाऊज तोपर्यंत बघितलाच नव्हता. लग्नात त्यांच्याही पुढं मामाच होते. सगळे गप्प झाले, कारण लूना. आईनं रवीकडं बघितलं. अप्पा उठले, पेपर वाचायचं भिंग घेऊन आले, आणि पानावर वाकले. लई वेळ वाकून राहिले.

“नंबर घातलाय की गा,” ते म्हणाले.

रवीनं भिंगातून बघितलं. लूनाच्या मागच्या पाटीवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, काळ्या दोऱ्यानं, सगळे आकडे. बरोब्बर.

अप्पांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं बादलीत नळ सुटल्याचा आवाज आला. सगळी गल्ली बघत होती, आणि अप्पा भर दुपारी, बाह्या वर सारून, लूना धुऊन राहिले होते.